नाशिक कसाऱ्याजवळ सरकते तेव्हा

ग्लायडरला इंजिन नसते. विंचने किंवा टो विमानाने वर नेऊन सोडले की पुढचा सगळा प्रवास तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या भरवशावर होतो. उंची हेच त्याचे इंधन. चांगल्या ग्लायडरला एक मीटर उंची खर्चून सुमारे तीस मीटर पुढे जाता येते. म्हणून उंचीच्या हिशेबात साठ मीटरची चूक झाली, तर अंतराच्या हिशेबात ती जवळजवळ १.८ किलोमीटरची होते. पुण्याच्या हडपसरमधले ग्लायडिंग केंद्र असो वा कामशेतच्या डोंगरावरून झेप घेणारे पॅराग्लायडर, आज हा हिशेब बहुतेक ठिकाणी एखादे सॉफ्टवेअर करते. एक्ससीसोअरसारखे मुक्त स्रोताचे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर फोनवर किंवा छोट्या पडद्यावर चालते आणि जीपीएसकडून आलेल्या आकड्यांवरून सांगते, की इथून धावपट्टीपर्यंत पोहोचता येईल की नाही. हे उत्तर जितके नेमके वाटते, तितकेच ते आधी केलेल्या जोडणीवर अवलंबून असते. पडद्यावर हिरवा दिवा लागला म्हणजे जीपीएस जोडले गेले, एवढेच सिद्ध होते. आकडा बरोबर आहे का, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो, आणि तो जमिनीवर असतानाच सोडवावा लागतो.

जोडणीचा पहिला भाग खरे तर सोपा आहे, कारण इथे चूक झाली तर ती लगेच दिसते. जीपीएस यंत्र दर सेकंदाला छोटी छोटी वाक्ये पाठवते. एनएमईए ०१८३ या ठरलेल्या पद्धतीची ही वाक्ये डॉलरच्या चिन्हाने सुरू होतात, त्यांत स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असतात आणि शेवटी ताऱ्याच्या चिन्हानंतर पडताळणीचा आकडा येतो. केबल असो वा ब्लूटूथ, मजकूर तोच. केबलवर दोन्ही टोकांचा वेग, म्हणजे बॉड रेट, सारखा ठेवावा लागतो. जुना प्रमाणित वेग ४८०० आहे. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे, आणि पूर्ण लांबीचे वाक्य ८२ अक्षरांचे. म्हणजे सेकंदाला सहाच्या आतच वाक्ये बसतात. त्याच तारेवर चढ-उताराचा वेग दाखवणारे व्हेरिओ आणि आसपासच्या ग्लायडरची सूचना देणारे फ्लार्मही बोलू लागले, की तार तुंबते. अशा वेळी दोन्हीकडचा वेग १९२०० किंवा त्याहून वर नेणे हाच उपाय. वेग जुळला नाही तर पडद्यावर काहीच येत नाही, किंवा अर्थहीन चिन्हे येतात. नव्या यंत्रांत आणखी एक बारकावा आहे. फक्त अमेरिकी जीपीएस वापरणारे यंत्र आपल्या वाक्याची सुरुवात ‘जीपी’ या अक्षरांनी करते, तर ग्लोनास, गॅलिलिओ किंवा आपले नाविक मिळून वापरणारे यंत्र बहुधा ‘जीएन’ने. जुन्या सॉफ्टवेअरला ही दुसरी अक्षरे माहीतच नसतात, म्हणून उपग्रह दिसत असूनही ते ‘जीपीएस नाही’ असे सांगते. हे सगळे त्रासदायक आहे, पण घातक नाही. जे चालतच नाही त्यावर कोणी भरवसा ठेवत नाही.

खरी काळजी चालणाऱ्या चुकीची आहे. पडताळणीचा आकडा वाक्य वाटेत बिघडले नाही एवढे सांगतो; वाक्याचा अर्थ नीट लावला गेला की नाही, हे त्याला कळत नाही. एनएमईएच्या वाक्यांत, आणि ग्लायडरवाल्यांच्या ठिकाणांच्या फायलींतही, अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहिले जातात. नाशिक शहराचा मध्य साधारण १९ अंश ५९.८५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४७.४ मिनिटे पूर्व असा आहे. अंशांचा दशांश करायचा तर मिनिटांना साठने भागून १९.९९७५ आणि ७३.७९ असे लिहायला हवे. कोणी मिनिटांनाच दशांश समजून १९.५९८५ आणि ७३.४७४ लिहिले, तर नाशिक सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला आणि ३३ किलोमीटर पश्चिमेला जाते, म्हणजे घाट उतरून थेट कसाऱ्याच्या आसपास. आकडे पाहून कोणाला शंका येणार नाही. दोन्ही महाराष्ट्रातलेच, दोन्ही पटण्यासारखे. सॉफ्टवेअरही त्याच बिंदूकडे बाण दाखवत राहते. जुन्या टोपोशीटवरून ठिकाणे उतरवताना आणखी एक छोटी चूक होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या तेव्हाच्या गणिती प्रारूपावर, आधारलेले आहेत, जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ वापरते. आपल्या भागात दोन्हींतले अंतर शंभरेक मीटर भरते. मोठ्या धावपट्टीसाठी ते चालेल, पण डोंगराच्या खांद्यावरच्या छोट्या पठारासाठी चालणार नाही.

उंचीची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि ती भारतात विशेष महत्त्वाची आहे. उपग्रह मोजतात ती उंची पृथ्वीच्या गणिती गोलाभापासून असते. आपण ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो ती उंची जिओइडपासून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या सपाटीपासून असते. जगातली सर्वांत खोल जिओइड आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, गोलाभाच्या सुमारे १०६ मीटर खाली. महाराष्ट्रावर तिचा प्रभाव असल्याने इथे हा फरक साठेक मीटरचा पडतो. युरोपात हाच फरक बहुतेक ठिकाणी उलट दिशेने, चाळीस-पन्नास मीटर वर असतो. म्हणून परदेशी मित्राने सांगितलेली सेटिंग जशीच्या तशी उचलू नये. नाशिकची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. दुरुस्ती न केलेले यंत्र तिला सुमारे ५४० दाखवेल. ही चूक त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण हाताशी असलेली उंची ती कमी भासवते. पण यंत्र आधीच दुरुस्त केलेली उंची पाठवत असेल आणि सॉफ्टवेअरने तीच दुरुस्ती पुन्हा लावली, तर जमीन ६६० मीटरवर दिसेल आणि वैमानिकाला साठ मीटर उंची फुकटची मिळाल्यासारखे वाटेल. तीसच्या प्रमाणात तेच १.८ किलोमीटर, आणि शेवटच्या ग्लाइडमध्ये वाटेत द्राक्षबागांच्या तारा किंवा डोंगराचा सुळका असेल, तर ते अंतर कुठूनच भरून निघत नाही.

इथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फोनमध्येच जीपीएस आहे आणि सॉफ्टवेअर सगळे आपोआप ओळखते. फोन वापरायला हरकत नाही; जागा दाखवण्याचे काम तो उत्तम करतो. पण अँड्रॉइड फोन सॉफ्टवेअरला मूळ उंची देतो ती गोलाभापासूनचीच, म्हणजे साठ मीटरचा प्रश्न फोनमध्येच ठाण मांडून आहे. सॉफ्टवेअरकडे जिओइडचा तक्ता असतो आणि ते बहुतेक वेळा योग्य दुरुस्ती करते. मात्र समोरचे यंत्र काय पाठवते हे त्याला वैमानिकानेच, म्हणजे योग्य ड्रायव्हर निवडून, सांगावे लागते. दुसरा आक्षेप जुन्या वैमानिकांचा असतो, की दाबावर चालणारे अल्टिमीटर आणि डोळे पुरेसे आहेत. उतरताना नजर बाहेरच हवी, हे अगदी खरे. पण दाबाचे यंत्रही परिस्थितीनुसार वेगळे बोलते. एप्रिलच्या दुपारी नाशिकची हवा प्रमाण तापमानापेक्षा पंचवीस-तीस अंशांनी गरम असते, तेव्हा जमिनीवर नीट जुळवलेले अल्टिमीटर हजार मीटर चढल्यावर प्रत्यक्षापेक्षा शंभरेक मीटर कमी दाखवते. म्हणजे दोन्ही यंत्रे ठीक असूनही त्यांचे आकडे जुळत नाहीत. हा फरक कुठून आला हे ज्याला माहीत आहे, तोच त्यातला खोट असलेला आकडा ओळखू शकतो.

वेळेचेही तसेच. जीपीएस जागतिक वेळ देते, आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, आणि फक्त पूर्ण तास स्वीकारणाऱ्या जुन्या यंत्रांत तो अर्धा तास कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो; सूर्यास्ताची गणना त्यावर अवलंबून असते. शिवाय ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा गणक १०२४ आठवडे पूर्ण करून पुन्हा शून्यावर आला, आणि अद्ययावत न केलेली अनेक जुनी यंत्रे तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची तारीख सांगतात. अशा नोंदीवर विक्रमाचा किंवा पदकाचा दावा टिकणार नाही. हवाई हद्दींची फाईल तर आणखी बारकाईने पाहायला हवी. ओझरला एचएएलचा तळ, गांधीनगरला लष्करी हवाई प्रशिक्षण, देवळालीला तोफखान्याचे विद्यालय. या परिसरात आकाश मोकळे दिसते तितके मोकळे नाही. फाईल बनवणारे बहुधा स्वयंसेवक असतात, आणि नोटामद्वारे, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांद्वारे, जाहीर होणारे बदल त्यांच्या फायलीत उतरायला वेळ लागतो.

महाराष्ट्रात ग्लायडर उडवणारे थोडेच, मग एवढ्या तपशिलात सामान्य वाचकाने का शिरावे, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर असे, की तीच डॉलरने सुरू होणारी वाक्ये मासेमारीच्या बोटीत, रुग्णवाहिकेत आणि एसटीतल्या ट्रॅकरमध्येही वाहत असतात. ग्लायडरमध्ये फक्त त्यांची चूक उंचीच्या भाषेत स्पष्ट दिसते. आणि पडताळणी करायला महागडी साधने लागत नाहीत. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नाशिकरोडच्या फलाटावर उघड्या आभाळाखाली पाच मिनिटे यंत्र धरून ठेवावे, आकडा स्थिर झाला की पाटीशी ताडून पाहावा. फरक दहा-पंधरा मीटरच्या आत असेल तर दुरुस्ती एकदाच झाली आहे. साठेक मीटर कमी असेल तर ती झालेलीच नाही. आणि साठेक मीटर जास्त असेल तर ती दोनदा झाली आहे, अशा वेळी ते यंत्र त्या दिवशी ग्लायडरमध्ये बसवू नये.