चिखलात कूल, शहाडला गरम!

पाऊस सुरू झाला की ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक कॉलेज ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, 'रविवारी निघायचं का?' पहाटे दुर्गाडीला जमायचं आणि मुरबाडमार्गे माळशेज गाठायचा. नाहीतर बारवीच्या बाजूला एखाद्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची. गाडी चिखलाने माखली नाही तर राईड झाली असं कुणी मानतच नाही! फोटो त्याचेच, रील्सही त्याच्याच. पण या चिखलाचा एक थर फोटोत दिसत नाही. तो पुढच्या चाकामागे, रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसलेला असतो.

गंमत म्हणजे घाटात काहीच त्रास होत नाही. संध्याकाळी परतताना म्हारळ सोडलं, शहाड पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की टेम्परेचरचा लाल दिवा लागतो. दिवसभर छान चाललेली गाडी घराजवळ येऊनच का तापते?

नेमकं होतं काय?

इंजिनातली उष्णता घेऊन कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून फिरतं. या नळ्यांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या फिन्स असतात. त्यांच्या फटींतून वारा गेला की कूलंट थंड होतं. आता याच फटींत चिखल भरला तर? घाटात गाडी पळत असते, समोरून वारा जोरात येतो, त्यामुळे उरलेल्या मोकळ्या फटींवर काम निभावतं. तोवर गरम रेडिएटरवर चिखल भाजून विटेसारखा कडक होतो. ट्रॅफिकमध्ये वारा बंद, सगळी भिस्त फॅनवर. पण फटीच बंद असतील तर फॅन हवा खेचणार कुठून?

त्यात आपल्याकडचा चिखलही चिवट. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत शेतकरी मुद्दाम चिखलणी करतात, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही. जो चिखल पाणी अडवतो, तो वारा सोडेल का? (आणि हो, रीलसाठी कुणाच्या खाचरात गाडी घालू नका. तिथे बांध फुटतो, रोपं जातात.)

हे कुणासाठी?

आर१५, ड्यूक, एनएस २००, २०२३च्या अखेरीस आलेली हिमालयन ४५० या सगळ्या लिक्विड कूल्ड. थार, गुरखा तर आहेतच. थारमध्ये रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या जागेत चिखल, पालापाचोळा साचतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत भिंत उभी! एसी नेहमीपेक्षा कमी गार वाटला किंवा फॅन सतत फिरत राहिला, तर ती पहिली सूचना समजा. स्प्लेंडरवाल्यांनो, तुम्हाला रेडिएटर नाही, पण इंजिनावरच्या फिन्सही चिखलाने बुजतातच.

आधीच काळजी घ्या

- बाईकच्या पुढच्या मडगार्डला एक्स्टेंडर लावा. रेडिएटरवरचा बराचसा चिखल पुढच्या चाकानेच उडवलेला असतो.
- रेडिएटर गार्ड घेताना फार बारीक जाळी नको. ती स्वतःच बुजते. पटकन काढता येईल असा गार्ड बघा.
- पाण्यात जीप हळू घाला. जोरात घुसलात तर फॅनची पाती वाकून रेडिएटरला घासू शकतात.
- निघण्याआधी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघा. खुणांच्या मध्ये हवी.

गोव्यात भर पावसात होणारी 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' २०१४मध्ये सुरू झाली. अशा ऑफ-रोड स्पर्धांसाठी बांधलेल्या कित्येक गाड्यांत तर रेडिएटर पुढून काढून थेट मागे बसवलेला असतो. कारण एकच, चिखल!

धुवायचं कसं?

सोमवारवर ढकलू नका. ओला चिखल पाण्याने निघतो, वाळलेला खरवडावा लागतो. गाडी घरी आणा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही फॅन अचानक फिरू शकतो, म्हणून तोवर त्यात हात घालू नका.

आता मुख्य मुद्दा. चिखल समोरून आत गेलाय, म्हणून पाणी मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने मारायचं. समोरून मारलं तर तो आणखी आत बसतो. साधा बागेचा पाइप पुरतो. वॉशिंग सेंटरवर 'दादा, रेडिएटरला प्रेशर नको' असं स्पष्ट सांगा. जवळून मारलेल्या प्रेशरने फिन्स वाकतात, आणि वाकलेली फिन म्हणजे कायमची बंद फट. कडक झालेला चिखल आधी तासभर भिजवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने फिन्सच्या दिशेने हलकेच काढा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. पलीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. टॉर्च धरून उजेड आरपार दिसला की काम झालं.

हे सगळं नदीत मात्र नको. उल्हास नदीचंच पाणी आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं. गाडीचं ऑइल-ग्रीस त्यात कशाला?

दिवा लागलाच तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. 'घर आलंच आहे' म्हणून रेटू नका. इंजिन जास्त तापलं तर हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं आणि मग पॉकेटमनी काय, घरच्यांसमोरच हात पसरावा लागतो. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका. आणि काहीही झालं तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं. झाकण फिरवताच ते उसळून थेट तोंडावर-हातांवर येतं आणि गंभीर भाजतं. अर्धा-पाऊण तास थांबा, झाकण हाताला गार लागलं की मगच पुढचं बघा.

माळशेजला दिवसभर घालवतोच ना आपण? मग घरी आल्यावर रेडिएटरसाठी अर्धा तास काढायला काय हरकत आहे!