तार टेकते ती जागा

गिटार घ्यायला गेलेला माणूस लाकूड विचारतो, कंपनी विचारतो. तार जिथे प्रत्यक्ष टेकते तिथे मात्र त्याची नजर जात नाही. खाली ब्रिजवर सॅडलची पट्टी, वर मानेच्या टोकाला नट, आणि तारांची टोकं ब्रिजमध्ये दाबून धरणाऱ्या सहा पिना. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून साधारण 70 ते 75 किलोंचा ताण असतो. त्या ताणामुळे खाली येणारा दाब पेलत तारेचा कंप टॉपच्या लाकडापर्यंत पोचवायचा, हे काम बोटाएवढ्या सॅडलचं.

पूर्वी उंची गिटारींना हस्तिदंत लावत. 1989 साली आफ्रिकी हत्तीच्या दाताच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली आणि तो विषय संपला. आता हाड, मायकार्टा, टस्क नावाचा कृत्रिम पदार्थ, क्वचित पितळ, आणि स्वस्त गिटारीत पोकळ प्लास्टिक.

माझं मत सरळ आहे: हाड. ते कानशीने नीट घासलं जातं, काचपेपरने झळाळतं, परवडतं. फरशीवर टाकून बघा. हाड टणकन वाजतं, प्लास्टिक नुसतं पडतं. चरबी नीट काढलेलं हाड तेवढं घ्यावं. अपवाद एकच. सॅडलखाली पिकअप असेल तर हाडाच्या कमीजास्त घट्टपणामुळे एखादी तार मोठी, एखादी दबकी ऐकू येते; तिथे टस्क बरं. नटवर फार पैसे घालू नयेत. बोट दाबलं की तार फ्रेटवर टेकते, म्हणून नटचा पदार्थ फक्त मोकळ्या तारेत ऐकू येतो. तिथे खाच गुळगुळीत हवी, नाहीतर सूर लावताना तार अडकते आणि एकदम उडी मारते. पिनांचं महत्त्व त्याहून कमी. तारेचं गोल टोक आतल्या लाकडाला घट्ट भिडलं की झालं.

पदार्थाआधी आकार, ही गोष्ट मला गिटारवाल्यांनी नाही, मिरजेने शिकवली. सॅडलचा माथा सपाट राहिला तर तार त्यावर हलकेच घासते आणि गिटार झणझणते. कारागीर म्हणतात, सतारीसारखी वाजतेय. गिटारमध्ये जो दोष, तीच तंबोऱ्याची जवारी!

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसून जवारी लावताना बघावं. इथल्या कारागिरांची घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे हात वाद्यांकडे वळले. वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माझी नजर तार टेकते त्या घोडीवरच खिळते. कारागीर माथ्यावर कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि केसभर जागा बदलताच स्वर उमलतो. मापपट्टी कुठेच नाही.

1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथेच ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश जुन्या नियमाप्रमाणे उमटता कामा नये. तंबोऱ्यात तो स्पष्ट उमटतो, आणि त्याचं कारण घोडीचा रुंद, किंचित उतरता माथा. मिरजेच्या कानाने आधीच पकडलेली गोष्ट विज्ञानाने अशी उलगडली, याचा मला फार आनंद होतो.

घोडीला पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. आता उंटाचं हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ. आपल्याकडे वेल्ह्याच्या रानात सांबराचं गळलेलं शिंग कुणाला सापडलं, तरी ते विकत घेऊ नका. गळलेल्या शिंगाचा व्यापारही कायद्यात बसत नाही. गिटारच्या ब्रिजचं लाकूड मात्र आपल्या ओळखीचं. सह्याद्रीत वाढणारी शिसवी जगभरच्या गिटारींना लागते. 2017 मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

भोर-वेल्ह्यात गिटार बाळगणाऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात. तोरण्याच्या पायथ्याला मुक्कामी आलेल्या पोरांच्या गिटारी मी आवर्जून हातात घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेकींच्या तारा दाबायला जड झालेल्या असतात. लाकूड ओल पितं, टॉप फुगतो, ब्रिज वर येतो. उन्हाळ्यात टॉप बसतो, तारा खाली येतात आणि फ्रेटवर खडखडतात. गिटार बिघडली असं समजून पोरं ती कपाटावर टाकतात, याचं वाईट वाटतं.

उपाय साधा आहे: हाडाची दोन सॅडल. पावसाळ्यातलं बुटकं, उन्हाळ्यातलं उंच. बाराव्या फ्रेटपाशी तार 1 मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडल 2 मिलिमीटर कमी करावं लागतं. घासायचं ते तळातून, कारण माथ्याचा आकार बिघडला की झणझण सुरू. तळ काचेवर ठेवलेल्या काचपेपरवर सपाट करावा, पट्टी खाचेत हाताने दाबून बसेल इतकीच घट्ट ठेवावी, आणि दोन्हींच्या तळाला पेन्सिलीने ऋतू लिहून ठेवावा.