ध्वजदिनाचा रुपया जातो कुठे?

डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे कागदी ध्वज दिसू लागतात. टाचणीने ध्वज छातीवर लावायचा, समोरच्या डब्यात जमेल ते नाणे टाकायचे आणि पुढे चालू लागायचे, एवढाच बहुतेकांचा सशस्त्र सेना ध्वजदिनाशी संबंध. त्या रुपयाचे पुढे काय होते, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. याहून दुर्दैवाची गोष्ट म्हणजे, ज्यांच्यासाठी हा रुपया गोळा होतो त्यांच्यापैकीही अनेकांना त्याचा पत्ता नसतो.

या दिवसाची सुरुवात स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी झाली. संरक्षणमंत्र्यांच्या समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळण्याचे ठरविले. ध्वजाचे तीन रंग लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे प्रतीक आहेत. पुढे युद्धात मृत्युमुखी पडलेल्यांची कुटुंबे, जायबंदी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी असलेले वेगवेगळे निधी १९९३ मध्ये एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ स्थापन करण्यात आला. त्याचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय सैनिक बोर्ड पाहते. महाराष्ट्रात हे काम पुण्यातील सैनिक कल्याण विभागाकडे असून, त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. निधी संकलनाचे उद्दिष्ट जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविलेले असते.

सैनिकाला निवृत्तिवेतन मिळते, मग वेगळा निधी कशाला, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर सैन्याच्या रचनेत आहे. सैन्य तरुण राहावे म्हणून जवानाला बहुधा पस्तीस ते चाळिसाव्या वर्षीच गणवेश उतरवावा लागतो. मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते ऐन भरात असताना त्याला नव्याने नोकरी शोधावी लागते. शिवाय प्रत्येकाला निवृत्तिवेतन मिळतेच असेही नाही. जवानांना त्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते. कौटुंबिक अडचणींमुळे किंवा अन्य कारणाने त्याआधी सैन्य सोडलेल्यांच्या हाती म्हातारपणी काही उरत नाही. त्यांच्या विधवांची स्थिती तर आणखी बिकट असते.

ध्वजदिनाचा पैसा प्रामुख्याने अशांसाठी आहे. हवालदार किंवा त्याखालील हुद्द्यावरून आलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या आणि वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या गरजू माजी सैनिकांना तसेच त्यांच्या विधवांना दरमहा निर्वाह अनुदान दिले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी हे अनुदान चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्यास मंजुरी दिली. त्याच वेळी दोन मुलांपर्यंत मिळणारे शिक्षण अनुदान दरमहा प्रत्येकी एक हजारावरून दोन हजार रुपये, तर विवाह अनुदान पन्नास हजारांवरून एक लाख रुपये झाले. पाठीच्या कण्याला इजा होऊन कायमचे जखडलेल्या जवानांना आधार देणारे पुण्याजवळील खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र यांसारख्या संस्थांनाही केंद्रीय सैनिक बोर्डाकडून साह्य मिळते.

मात्र हे अनुदान आपोआप घरी येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस लागते. सैन्यातून मुक्त होताना मिळालेले सेवापुस्तक, माजी सैनिकाचे किंवा विधवेचे ओळखपत्र, वयाचा दाखला आणि बँक खात्याचा तपशील हाताशी ठेवावा लागतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ही कागदपत्रे पेटीच्या तळाशी जीर्ण झालेली असतात. कधी नावात एका अक्षराचा फरक असतो, तर कधी लग्नाची नोंदच सैन्याच्या दप्तरी नसते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला ही वाट चालणे अवघड जाते आणि हक्काची मदत कागदावरच राहते.

कृतज्ञतेला उशीर होतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून गंभीर जखमी झाले. तरीही १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी जलतरणात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी. पदकविजेत्या जवानाची ही कथा, तर ज्याचे नाव कोणत्याच दप्तरात ठळक अक्षरांत नाही, त्याची आठवण कोणी ठेवायची?

युद्ध पेटले की देश भारावून जातो. वीरमरण आलेल्या जवानाच्या अंत्ययात्रेला अवघा गाव लोटतो, चौकाचौकांत फलक लागतात. ते मनापासूनचेच असते. परंतु सैनिकाच्या घराची खरी गरज बहुधा त्यानंतर वीस-तीस वर्षांनी, फलक उतरल्यावर आणि गर्दी पांगल्यावर निर्माण होते. ध्वजदिन निधीचे महत्त्व नेमके यात आहे. भावनेचा भर ओसरल्यावरही तो चालू राहतो.

म्हणून यंदा ध्वज लावताना डब्यात रुपया जरूर टाकावा, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरून थेट देणगीही देता येते. पण त्याबरोबर आणखी एक काम करावे. आपल्या गल्लीत, वाडीत एखादा वयोवृद्ध माजी सैनिक किंवा त्याची पत्नी राहत असेल, तर त्यांना अनुदान मिळते का, एवढे विचारावे. मिळत नसेल तर अर्ज भरून द्यावा आणि एकदा त्यांच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावी. त्या घरासाठी आपला तो अर्धा दिवस कोणत्याही सत्कारातील शालीपेक्षा मोलाचा ठरेल.