माजघरातील दिवा

दिवेलागणीची वेळ होती. देवापुढे निरांजन लागले होते, परंतु माजघरातील छताचा दिवा काही केल्या लागेना. माझ्या बारा वर्षांच्या नातवाने भिंतीवरील बटण दोनतीनदा खालीवर करून पाहिले, शेवटी ते बंद केले आणि स्टूल ओढून तो वर चढला. दिवा काढण्यासाठी त्याने हात उंचावला, तोच मी त्याला हटकले.

"बटण बंद आहे, आजोबा! आता कसली भीती?" तो हसत म्हणाला.

मी त्याला तसाच खाली उतरविला. ती रात्र आम्ही कंदिलावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आले. त्यांनी मेन स्विच बंद करून दिवा उतरविला. मग मेन स्विच पुन्हा चालू केला, पण भिंतीवरील बटण मात्र बंदच ठेवले आणि होल्डरमध्ये टेस्टर टेकविला. पाहतो तो काय, टेस्टरमधील चिमुकला दिवा लख्ख पेटला! बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज होती. नातवाच्या चेहऱ्यावरील हसू मावळले.

हे कसे घडले? मुलांनो, आपल्या घरातील दिव्यापर्यंत वीज दोन तारांनी पोहोचते. एकीस 'फेज' म्हणतात, दुसरीस 'न्यूट्रल'. फेजच्या तारेत जमिनीच्या तुलनेने २३० व्होल्टचा दाब असतो. तिला हात लागला, तर वीज आपल्या शरीरातून जमिनीकडे धाव घेते. दिवा लागण्यास दोन्ही तारा जोडलेल्या असाव्या लागतात. त्यांपैकी कोणतीही एक तोडली, की दिवा विझतो. बटणाचे काम एवढेच, की एक तार तोडणे वा जोडणे. ही तार फेजची असावी असा नियम आहे. परंतु आमच्या जुन्या घरात कोणी तरी चुकून न्यूट्रलची तार बटणातून नेली होती. त्यामुळे दिवा विझे, पण फेजची वीज होल्डरपर्यंत येऊन दबा धरून बसे. विझलेला दिवा म्हणजे गेलेली वीज नव्हे, हा त्यातील बोध.

वायरमननी तारांची अदलाबदल करून तो दोष दूर केला. जुन्या दिव्याचा धातूचा सांगाडाही त्यांनी 'अर्थ'च्या हिरव्या तारेस जोडला. कारण सांगाड्यात वीज उतरली, तर या तारेने ती जमिनीत निघून जाते. मेन स्विचजवळ त्यांनी एक संरक्षक यंत्रही बसविले. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत सुमारे ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, की ते यंत्र क्षणार्धात सगळ्या घराची वीज तोडते. माणसाच्या शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागली, तर अशीच तफावत पडते. प्राण वाचविणारे यंत्र ते हेच.

आता नवा दिवा कोणता घ्यावा, हा प्रश्न उभा राहिला. पूर्वी लोक दुकानात जाऊन 'साठचा दिवा द्या' असे म्हणत. साठ म्हणजे साठ वॅट. पण वॅट हे प्रकाशाचे माप नव्हे. दिवा वीज किती खातो, याचे ते माप. प्रकाश मोजतात तो ल्यूमेनमध्ये. एडिसनने १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा यशस्वी केला. पुढे तंतू टंगस्टनचा झाला. तंतू तापून पांढरा होतो तेव्हा उजेड पडतो, म्हणून त्या दिव्यात बहुतेक वीज उष्णतेत वाया जाते. आजचा एलईडी दिवा तापलेल्या तंतूवर चालत नाही. त्यातील अर्धवाहकाच्या बारीक स्फटिकातून वीज गेली, की निळा प्रकाश निघतो आणि त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. असा कार्यक्षम निळा दिवा घडविल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुना साठ वॅटचा दिवा जेवढा उजेड देई, तेवढा उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. थोडे गणित करून पाहा. दिवा रोज पाच तास जळला, तर वर्षाला जुना दिवा सुमारे ११० युनिटे खाईल; नवा केवळ साडेसोळा.

आमचे माजघर चार मीटर लांब व तीन मीटर रुंद, म्हणजे बारा चौरस मीटर. उठण्याबसण्याच्या खोलीस दर चौरस मीटरला सुमारे १५० ल्यूमेन धरावेत; म्हणजे १,८०० ल्यूमेन झाले. नऊ वॅटचा दिवा सुमारे ९०० ल्यूमेन देतो, तेव्हा हिशोबाने दोन दिवे पुरावेत. पण आमचे छत काळ्या सागवानी तुळयांचे. पांढरा चुना प्रकाश परत फेकतो, काळे लाकूड तो गिळून टाकते. शिवाय त्याच खोलीत नातवाची आजी तांदूळ निवडावयास बसते, आणि वय वाढले की डोळ्यांना अधिक उजेड लागतो. म्हणून आम्ही तीन दिवे घेतले. खोक्यावर '३००० केल्विन' असे लिहिले असेल तर प्रकाश पिवळसर व शांत असतो. '६५००' असेल तर तो निळसर पांढरा असतो. आम्ही मधला, ४००० चा पसंत केला. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह खोक्यावर आहे की नाही, तेही पाहून घेतले.

दिवा टांगताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दिव्याचा भार तारेवर कधीही पडता कामा नये. लाकडी छतात तो तुळईत घट्ट बसविलेल्या स्क्रूवर तोलावा. सिमेंटच्या स्लॅबला भोक पाडून, त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकून मग स्क्रू पिळावा. प्लास्टरच्या खोट्या छतात हलका पॅनेल दिवा चालतो; जड झुंबर मात्र वरच्या स्लॅबलाच टांगावे. एलईडी दिवा सर्व बाजूंनी बंद अशा काचेच्या हंडीत कोंडू नये. उष्णतेने त्यातील विद्युत्‌मंडळ बिघडते आणि दिवा अल्पायुषी होतो.

दिवा लागेनासा झाला, तर दोष बाहेरून आत शोधीत यावे. शेजारी अंधार आहे काय? नसेल, तर आपल्या सगळ्या घरात अंधार आहे, की एकाच खोलीत? मेन स्विचजवळील एखादा खटका खाली पडला आहे काय? मोठ्या माणसाने तो एकदा वर करून पाहावा. पुन्हा पडला, तर बळेच वर करू नये, कारण आत कोठे तरी दोष आहे असे तो सांगत असतो. एकच दिवा लागत नसेल, तर त्या जागी चांगला दिवा लावून पाहावा. तो लागला, तर दोष जुन्या दिव्यात. न लागला, तर होल्डरमध्ये, बटणात किंवा तारेत. दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा एखादा सांधा सैल असतो. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा अंधूक तेवत राहिला, तर तार चुकीची जोडली आहे काय, ते तपासून घ्यावे. कधी कधी बटणातील लहानशा लाल दिव्यामुळेही तसे होते. जळका वास आला किंवा होल्डर काळा पडला, तर मात्र शोध पुरे झाला असे समजावे, मेन स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे.

मुलांनो, यांतील पाहणे, मोजणे, विचारणे आणि हिशोब करणे हे काम तुमचे. तारेला हात घालणे हे तुमचे काम नव्हे. ते काम जाणणारा वायरमनसुद्धा आधी टेस्टर लावतो आणि मगच हात लावतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

त्या संध्याकाळी माजघरात तिन्ही दिवे लागले. आजीने सूप पुढे ओढले आणि चष्मा न शोधता तांदळातला खडा वेचून दाखविला. नातू मात्र मेन स्विचपाशी उभा होता. त्याने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून तो तेथे अडकविला होता : 'आधी मेन स्विच, मग टेस्टर, मग हात, आणि तोही मोठ्या माणसाचा!'