सेल संपले, पण कोणते?

रिमोट चालेनासा झाला की आपण ओरडतो, "आई, सेल संपले!" विज्ञानाच्या तासाला कळतं, पेशीलाही इंग्रजीत सेलच म्हणतात. तुरुंगातली कोठडी? सेल. मोबाइल? सेलफोन! इंग्रजांकडे शब्दांची टंचाई होती की काय?

तसं नाही. लॅटिन भाषेत 'केल्ला' असा एक शब्द होता. केळ्याशी त्याचा काही संबंध नाही हं! केल्ला म्हणजे सामानाची छोटी खोली. इंग्रजीत येता येता त्याचा 'सेल' झाला. आधी मठातल्या साधूंची खोली सेल, मग कैद्यांची. आपल्याकडेही धान्याची ती कोठी आणि चोराची ती कोठडी. आहे की नाही गंमत?

आता चला 1665 सालच्या लंडनला. रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहतो तर काय, मधाच्या पोळ्यासारखे इवलेइवले रिकामे कप्पे! त्याने त्यांना नाव दिलं सेल. पठ्ठ्या मोजायलाही बसला. इंचाच्या अठराव्या भागात साधारण 60 कप्पे, म्हणजे इंचभर लांबीत 1080. मग एक इंच लांब, रुंद, उंच तुकड्यात किती? 1080 ला 1080 ने दोनदा गुणा. उत्तर येतं 125 कोटी 97 लाख 12 हजार!

पण हे कप्पे रिकामे का होते? बूच म्हणजे झाडाची वाळलेली साल. पेशी केव्हाच मेलेल्या, उरल्या होत्या नुसत्या भिंती. जिवंत पेशी तर आतून गच्च भरलेली असते. तरी तिला नाव चिकटलं ते रिकाम्या खोलीचंच!

विजेचा सेल म्हणजे रसायनांची खोली. अशा खोल्या जोडल्या की होते बॅटरी. मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत साधारण 2-2 व्होल्टचे सहा कप्पे असतात.

आणि सेलफोन? 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कल्पना निघाली, की सगळ्या प्रदेशाचे छोटे छोटे भाग करायचे आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र टॉवर द्यायचा. कागदावर हे भाग षटकोनी काढतात. म्हणजे पुन्हा मधाचं पोळंच! एसटीतून जाताना तुमचा फोन एका खोलीतून दुसरीत जातो, बोलणं मात्र तुटत नाही. (घाटात तुटतं, ते सोडा.)

राहिला दिवाळीत कपड्यांच्या दुकानात लागतो तो सेल. तो या घराण्यातला नाहीच. त्याचं स्पेलिंग 'सी'ने नाही, 'एस'ने सुरू होतं, आणि त्याचा अर्थ आहे विक्री.