वीज आली, वाडी यायचीय

३ जून २०२०च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा तिथल्या पाहुण्यांच्या खोल्या आधीच रिकाम्या होत्या. एप्रिल-मेचा हंगाम टाळेबंदीने खाल्ला होता. ताशी शंभर किलोमीटरहून जोराचा वारा काही तासांत पुढे सरकला. मागे उरले आडवे खांब, मुके मोबाइल, उडालेली कौलं आणि तोंडावर आलेला पाऊस. कित्येक वस्त्यांत वीज यायला आठवडे लागले. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात, चिखलात खांब उभे करत होते.

वीज गेली म्हणजे पाणीही गेलं. पूर्वी कोकणातल्या वाड्यांना विहिरीवरचा रहाट पाणी पाजायचा. पंप आले आणि रहाट मोडीत निघाले. आता एखादा दिसलाच, तर पाहुण्यांना फोटो काढायला म्हणून राखलेला. त्यामुळे भरल्या विहिरीच्या काठी पुन्हा दोर-बादली घेऊन उभं राहायची पाळी आली.

आज दिवेआगरला गेलात तर यातलं काही दिसत नाही. पत्रे नवे आहेत, एसी चालतो, सुरमई ताटात येते. २०१२ साली चोरीला गेलेला सुवर्णगणेशाचा मुखवटा नोव्हेंबर २०२१मध्ये नव्याने बसला आणि देवळाकडे पुन्हा रीघ लागली. गाव सावरलं, असं म्हणून माणूस परत फिरतो. पण या गावाची खरी कमाई घरामागे असते, आणि तिथवर पाहुणा सहसा जात नाही.

श्रीवर्धनी रोठा ही इथली नावाजलेली सुपारी. शेलाटं, उंच झाड. मुळं वरवरची, जमीन पुळणीची. वाऱ्याला आणखी काय हवं? शिवाय सुपारीला सावली लागते. ती देणारे माड पडले की उभ्या राहिलेल्या पोफळीही उन्हाने करपतात. म्हणजे वादळातून वाचलेली झाडं पुढच्या उन्हाळ्यात धोक्यात. नव्या रोपांच्या सावलीसाठी आधी केळी लावायच्या, मग रोप, आणि मग फळासाठी पाच-सहा वर्षं थांबायचं.

भरपाईचा हिशेब तर वाचण्यासारखा आहे. सरकारने फळबागांसाठीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. कागदावर ही उडी मोठी. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. शंभर गुंठ्यांचा हेक्टर धरला, तर गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठेवाल्याला पाच हजार. एवढ्यात पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीही भागणं कठीण. कोकणातली वाडी गर्दीची: सुपारी, माड, मधे जायफळ, खोडावर मिरीचा वेल. क्षेत्रफळाचं माप तिला लावणंच चूक होतं. पुढे झाडावर मदत ठरली : माडाला २५० रुपये, सुपारीला ५०. तत्त्व बरोबर, आकडा मात्र केविलवाणा. पिढ्यान् पिढ्या पीक देणाऱ्या माडाची किंमत पाहुण्याच्या एका वेळच्या मासळीच्या थाळीएवढी!

पुढच्या वादळाची तयारीही विजेपासूनच सुरू होते. अलिबागला वीजवाहिन्या जमिनीखाली घालण्याचं काम हाती घेतलं गेलं, ते योग्यच. मे २०२१मध्ये 'तौक्ते' याच किनाऱ्याला घासून गेलं, त्यामुळे पुढच्या वादळाची भीती कल्पनेतली नाही. पण वाडीला जमिनीखाली नेता येत नाही. शिवाय झाडं पडून मोकळी झालेली जागा फार काळ मोकळी राहत नाही. तिथे पाहुण्यांसाठी बांधलेली खोली पहिल्या हंगामापासून पैसे देते, पोफळ सहाव्या वर्षी. ज्याच्या डोक्यावर छपराचं कर्ज आहे, त्याने कोणतं निवडावं हे आपण शहरात बसून सांगू नये. गंमत एवढीच, की पाहुणे येतात ते त्या वाडीच्या गारव्यासाठी.

मी उतरलो होतो त्या घरच्या काकूंना विचारलं, नवी रोपं लावलीत का?

"लावली तर! पुढच्या दोन ओळी तेवढ्या सोडल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाड्या लावायला जागा नको का हो?"