वेलचेरीतलं डांगर

चेन्नईच्या वेलचेरी भागात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात समोरच्या मामी एक वाटी घेऊन आल्या. तमिळ ब्राह्मण घरांत वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात. वाटीत भाजलेल्या उडदाच्या डाळीचं पीठ दह्यात कालवलेलं होतं, वर हिंग-मोहरीची फोडणी. काय म्हणतात याला, विचारलं. त्या म्हणाल्या, डांगर पच्चडी.

मी वाटी हातात धरून उभीच राहिले. माझी आजी भाताशी हेच कालवायची आणि ‘डांगर’च म्हणायची. पुण्यापासून हजारेक किलोमीटरवर, मराठीचा गंध नसलेल्या घरात तेच पीठ, तेच दही, तेच नाव! मामींना हा शब्द त्यांच्या सासूकडून मिळाला होता. सासूचं माहेर तंजावरकडचं.

तंजावर म्हणताच कोडं उलगडू लागतं. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तिथली गादी घेतली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी वारले आणि वारस नाही म्हणून कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. या पावणेदोनशे वर्षांत दरबार अन्नाच्या बाबतीतही हौशी होता. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. ‘कुतूहल’ हे नाव मला फार आवडतं. जेवणाकडे इतक्या आदराने आणि नवलाने पाहणारं शीर्षक मला दुसरं माहीत नाही. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या कृतींचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ झालं, ते सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलंही आहे.

पण राजाच्या पोथीतून शब्द समोरच्या मामींच्या वाटीत येत नाही. तो शेजारणींच्या वाट्यांतूनच जातो, आणि जाताना रूप बदलतो. तमिळ ‘पिट्लै’ घ्या. आपलं पिठलं बेसनाचं. त्यांच्या पिट्लैत बेसन नाहीच. शिजवलेली तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, कारलं किंवा वांगं, आणि धने, मिरची, खोबऱ्याबरोबर भाजून वाटलेली हरभऱ्याची डाळ. पीठ गेलं, हरभरा वाटणात उरला. चिंचेच्या मुलखात पिठल्याला कारलं पचवावं लागलं आणि ते त्याने मोठ्या ऐटीत पचवलं. ‘रसवांगी’ तर आणखी बोलकी. वांग्याला तमिळमध्ये कत्तरिक्काय म्हणतात. मग या एका पदार्थाच्या नावातच वांगं कुठून आलं? बाजारात ते कत्तरिक्काय, भाजीवालीशी घासाघीस करताना कत्तरिक्काय, आणि एका विशिष्ट पातेल्यात शिरलं की वांगं. राज्य गेल्याला पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी त्या पातेल्यात मराठी टिकून आहे.

सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही गोष्ट इथेही सगळे सांगतात. मी ती दंतकथा म्हणूनच ऐकते. रसवांगीचा पुरावा मला जास्त भावतो, कारण तो रोज ताटात वाढला जातो.

अन्नाने माणसं जोडली जातात ती फक्त पाककृतींनी नाही. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रं बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी उभारलं. या छत्रांत वाटसरूंना शिजवलेलं अन्न मिळे, आणि ज्याला दुसऱ्याच्या हातचं चालत नसे त्याला कोरडा शिधा. कोण कोणाच्या हातचं खातो हा तेव्हा केवढा अवघड प्रश्न होता, ते त्या शिध्यावरून कळतं. डिसेंबर २०१५ च्या पुरात वेलचेरी पाण्याखाली गेली, तेव्हा तो प्रश्न कोणी विचारला नाही. देवळं, मशिदी, चर्च, मंगल कार्यालयं, जिथे चूल पेटत होती तिथून भाताची पाकिटं येत होती. आमच्या इमारतीतले जुने लोक अजून त्याच दिवसांपासून ओळखी मोजतात. अमक्यांचं पुळियोदरै पहिल्यांदा तेव्हा खाल्लं, असं सांगतात. पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात. तो दिवसभर टिकतो, म्हणून पुरातही कामाला आला.

आणि पोळी. तिला इथे ‘पोळी’च म्हणतात, ‘ळ’सकट. पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, इथे अनेक घरांत पुरणाची पोळी. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा. आवरण हळदीने पिवळं, मैद्याचं, तेलात मुरवलेलं. पहाटे गल्लीत जुन्या चटया-फडकी जाळतात, धुराने वेलचेरीचा तलावही दिसेनासा होतो. त्या धुरातून नऊच्या सुमारास जिन्यात झाकलेल्या ताटल्या वर-खाली जाऊ लागतात.

गेल्या भोगीला मी मामींकडे बाजरीची भाकरी नेली. त्यांनी तीळ बोटाने चाचपून पाहिले, कम्बु, म्हणजे बाजरी, हे ओळखलं, आणि तुकडा मोडून आधी डांगर पच्चडीत बुडवला.